ऑफसेट पृष्ठभाग काढताना: बिंदू ढकलू नका, अंतर मोजा

"सर, भिंत दोन मिलीमीटरच दिलती की. मग पाय फुटला कसा?"

वाळूजच्या डिझाइनवाल्या पोरांकडून आणि लातूर-नांदेडच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांकडून पोकळ करून छापलेल्या थ्रीडी मॉडेलबद्दलचा हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. फाइल उघडली की आत नव्वद टक्के तेच सापडतं. मेशचा, म्हणजे त्रिकोणांनी विणलेल्या पृष्ठभागाचा, प्रत्येक शिरोबिंदू त्याच्या नॉर्मलच्या (पृष्ठभागाला लंब) दिशेने दोन मिलीमीटर सरकवलेला असतो आणि त्यालाच ऑफसेट म्हटलेलं असतं. स्क्रीनवर ते झकास दिसतं, पण मोजलं की भिंत कुठे दीड भरते, कुठे सव्वा, आणि बैलाच्या शिंगासारख्या बारीक टोकात तर आतला पृष्ठभाग उलटा होऊन बाहेर डोकावतो.

ऑफसेट पृष्ठभाग म्हणजे मूळ पृष्ठभागापासून ठरावीक अंतरावर असलेल्या बिंदूंचा पृष्ठभाग. हे अंतर जवळच्यात जवळच्या जागेपासून मोजायचं असतं. बिंदू ज्या जागेवरून निघाला तिथून तो दोन मिलीमीटर दूर असेल, पण शेजारच्या पायापासून अर्धाच मिलीमीटर दूर असेल, तर तो ऑफसेटवर नाही. पुढचं सगळं यावरच चालतं.

उदाहरणाला पोळ्याला मांडतात तसला मातीचा देवणी बैल घेऊ. त्याचा स्कॅन आहे. लांबी १२० मिमी, उंची ८०, रुंदी ५०. पाय ९ मिमी जाडीचे, शेपूट ४ मिमी, शिंगाची टोकं जेमतेम २ मिमी. कामं दोन आहेत. पहिलं, रेझिनमध्ये छापण्यासाठी बैल आतून पोकळ करायचा, भिंत २ मिमी. दुसरं, सिलिकॉनच्या साच्यासाठी बैलाभोवती ८ मिमीची मोकळी जागा ठेवून बाहेरचं कवच काढायचं. म्हणजे एक ऑफसेट आत, एक बाहेर. दोन्हींचे खड्डे वेगळे आहेत.

## १. आधी ठरवा: ऑफसेट हवा की स्केल?

यात घोळ होतोच. बैल ९६ टक्क्यांवर लहान करून मूळ बैलातून वजा केला की पोकळ होतो, असं समजणारे कमी नाहीत. स्केल केल्यावर प्रत्येक बिंदू मध्यापासूनच्या त्याच्या अंतराच्या प्रमाणात सरकतो. वरच्या उदाहरणात तोंडाकडे भिंत २.४ मिमी आणि कुशीला १ मिमी येईल. पायांच्या बाबतीत तर लहान केलेला पाय मूळ पायाच्या बाहेरच पडू शकतो.

ओतकामाच्या पॅटर्नचं काम करणाऱ्यांना दोन्ही लागतात, म्हणून त्यांनी इथे जास्त सावध राहावं. धातू थंड होताना आकसतो त्याची वाढ स्केलने द्यायची. ॲल्युमिनियमला ढोबळमानाने १.३ टक्के, बिडाला १ टक्का. मशिनिंगसाठी सोडायची जाडी मात्र ऑफसेटने, तीही ज्या फेसवर, म्हणजे पृष्ठभागाच्या ज्या तुकड्यावर, मशिनिंग होणार आहे तेवढ्यावरच. क्रम असा: आधी ऑफसेट, मग स्केल. सोडलेली जाडीसुद्धा धातूचीच आहे, तीही आकसणार.

मग कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवा. दिशा कोणती, अंतर किती आणि कोपरे कसे चालतील. तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही. खऱ्या ऑफसेटमध्ये बाहेर जाताना फुगीर कडा गोल होतात आणि खोलगट कडा धारदार राहतात. आत जाताना बरोबर उलटं होतं. घनाचा बाहेरचा ऑफसेट गोल कोपऱ्यांचा निघतो, आतला मात्र धारदार कोपऱ्यांचा घनच राहतो. बाहेरही धारदार कोपरे हवे असतील तर ती वेगळी मागणी आहे आणि ती सीएडीमध्ये फेसनुसारच करावी. सपाट फेस, सिलिंडर, शंकू, गोल आणि टोरस (मेदूवड्याचा आकार) यांचा ऑफसेट त्याच जातीचा निघतो, तेव्हा साध्या यांत्रिक भागाला मेशमध्ये आणूच नका. पुढची सगळी मेहनत स्कॅन आणि मूर्तिकामासारख्या मुक्त आकारांसाठी आहे.

## २. मेशची तयारी

अर्धा वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. ऑफसेट बिघडला म्हणून आलेल्या बहुतेक फाइलींत ऑफसेटच्या गणिताचा दोष नसतो, खाली आलेली मेशच आजारी असते.

सुरुवात एककापासून करा. एसटीएल या मेशच्या फाइलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं. स्कॅनर मीटरमध्ये देतो, तुम्ही मिलीमीटर समजून २ टाकता आणि बैलाला दोन मीटरची भिंत लागते. फाइल उघडल्या उघडल्या बाउंडिंग बॉक्स, म्हणजे मॉडेल जेमतेम मावेल ती पेटी, बघा. १२० दिसलं पाहिजे, ०.१२ नव्हे.

मग मॉडेल मूळबिंदूजवळ आणा. ड्रोनने केलेल्या स्कॅनमध्ये निर्देशांक लाखांत असतात. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये जेमतेम सात अंक टिकतात, त्यामुळे लाखाच्या पुढे बारीक मापं गळून पडतात. किती सरकवलं ते लिहून ठेवा, शेवटी परत न्यायचं असतं.

त्यानंतर एकावर एक पडलेले शिरोबिंदू जोडा, शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण काढा, सुटे तुकडे काढा. स्कॅनमध्ये टेबलाचा एखादा तुकडा तरंगत आलेला असतो, त्याचाही ऑफसेट इमानेइतबारे निघतो.

आता भोकं. बैलाच्या पोटाखाली आणि खुरांच्या तळाशी स्कॅनर पोचत नाही. लहान भोकं आपोआप बुजवून चालतात. मोठं भोक मात्र हाताने, आजूबाजूचा उतार बघून बुजवा. आपोआप बुजवलेलं मोठं भोक आजूबाजूच्या उताराशी जुळत नाही आणि तिथली भिंत चुकते.

शेवटची अडचण दिसतच नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. शिंगं वेगळी मॉडेल करून डोक्यात खुपसलेली असतात. बाहेरून जोड एकसंध दिसतो, पण शिंगाच्या मुळाचे त्रिकोण डोक्याच्या आत तसेच लपलेले असतात. अंतर मोजणाऱ्या प्रोग्रामला आत-बाहेर कळत नाही, त्याला जवळचा त्रिकोण कळतो. मग पोकळी त्या लपलेल्या मुळालाही वळसा घालून जाते आणि डोक्यात रेझिनचा एक बिनकामाचा खुंटा उरतो. उपाय म्हणजे आधी सगळे भाग युनियन करून एकच बाह्य पृष्ठभाग काढणे. युनियन फसत असेल तर सहाव्या टप्प्यातल्या वाइंडिंग नंबरने आत-बाहेर ठरवा, शून्य अंतरावर नवी मेश काढा आणि त्या नव्या मेशवर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

सीजीएएल या भूमितीच्या लायब्ररीतली अल्फा रॅप ही सोय फाटक्या स्कॅनला सुंदर गुंडाळते. पण ती मूळ मेश पूर्णपणे आत घेते, म्हणजे स्वतःच थोडा बाहेरचा ऑफसेट देते. तुम्ही तिला दिलेलं ते छोटं अंतर पुढच्या हिशेबात धरा.

तपासा: मेश वॉटरटाइट, म्हणजे कुठेही भोक नसलेली, आहे का? तिचं घनफळ धन येतं का? ऋण आलं तर नॉर्मल आत तोंड करून आहेत. सगळे त्रिकोण उलटे करा. घटकांची संख्या १ आहे का? या तिन्हींना हो आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ३. बिंदू ढकलण्याची पद्धत कुठे चालते, कुठे नाही

ही पद्धत पूर्ण टाकाऊ नाही. अंतर फारच लहान असेल, आकार गुळगुळीत असेल आणि नुसतं दाखवायचं असेल तर ती क्षणात काम देते. मोजमापाच्या कामाला मात्र ती तीन ठिकाणी फसते.

एक, कडा आणि कोपरे. २० मिमीचा साधा घन घ्या, आठ शिरोबिंदूंचा. प्रत्येक कोपरा एकक नॉर्मलवरून २ मिमी बाहेर ढकला. कोपऱ्याचा नॉर्मल तीन फेसांच्या मधोमध तिरका असतो, त्यामुळे प्रत्येक फेस २ ऐवजी २ भागिले √३, म्हणजे १.१५ मिमीच सरकतो. घन २४ चा व्हायला हवा होता, तो २२.३१ चा होतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सॉलिडिफायमधला "इव्हन थिकनेस" हा पर्याय हे अंतर वाढवून देतो. तेवढ्यापुरतं बरं, पण पुढच्या दोन अडचणींना त्याच्याकडे उत्तर नाही.

दोन, वक्रता. आत २ मिमी जायचं आणि शिंगाच्या टोकाची त्रिज्या १ मिमी. बिंदू समोरासमोर येतात, एकमेकांना ओलांडतात आणि त्रिकोण उलटे होतात. नियम सरळ आहे: ज्या बाजूला पृष्ठभाग वळलेला आहे त्या बाजूला वक्रतेच्या त्रिज्येपेक्षा जास्त सरकलात की ऑफसेट स्वतःवर दुमडतो.

तीन, दूरचे शेजारी. बैलाच्या पुढच्या दोन पायांत १२ मिमी जागा आहे आणि बाहेर ८ मिमी जायचं आहे. आठ आणि आठ सोळा. दोन्ही पायांची कवचं एकमेकांत घुसतात. इथे वक्रतेचा काही दोष नाही, पाय सरळच आहेत. खरा ऑफसेट पायांमधली जागा भरून एकच गठ्ठा करतो. बिंदू ढकलल्यावर मात्र दोन पृष्ठभाग आरपार पडून राहतात, कारण त्रिकोणांची जोडणी तीच असते. ऑफसेटमध्ये आकाराची जोडणी बदलू शकते, भोकं बुजू शकतात, एकाचे दोन तुकडे होऊ शकतात. ढकलण्याच्या पद्धतीला हे जमतच नाही.

म्हणून पुढचे टप्पे अंतराच्या ग्रिडवरून जातात. जागेत चौकोनी घरांची जाळी मांडायची, प्रत्येक गाठीवर मूळ पृष्ठभागाचं अंतर लिहायचं, आत असेल तर ऋण, बाहेर असेल तर धन. मग जिथे ही संख्या हवी तेवढी भरते तो पृष्ठभाग उचलायचा. भाकरी टम्म फुगली की तिचा पापुद्रा जसा अलगद सुटून येतो, तसा.

## ४. ग्रिड मांडणे

घराची बाजू ऑफसेटच्या अंतराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा मोठी ठेवू नका. २ मिमीला ०.४ मिमी. हा माझा अंगठेनियम, अंतिम कामाला मी ०.२ वर जातो.

लगेच ०.१ वर उडी मारण्याआधी हिशेब करा. आपल्या बैलाला ०.४ वर ३०० × १२५ × २०० म्हणजे ७५ लाख गाठी लागतात. गाठीला ४ बाइट धरले तर ३० एमबी. ०.२ वर ६ कोटी, २४० एमबी. ०.१ वर ४८ कोटी, म्हणजे १.९ जीबी, आणि पुढच्या पायऱ्यांना तेवढीच जागा दोनतीनदा लागते. बाजू निम्मी केली की खर्च आठपट होतो. कॉलेजच्या लॅबमधला ८ जीबीचा संगणक इथेच मान टाकतो.

एवढं बारीक हवंच असेल तर ओपनव्हीडीबीसारखी विरळ ग्रिड वापरा. ती पृष्ठभागालगतच्या पट्ट्यातलीच अंतरं साठवते. पण तिथे एक नेहमीचा सापळा आहे. तो पट्टा मुळात दोन्ही बाजूंना ३ घरांचा असतो. घर ०.२ मिमीचं असेल तर पट्टा ०.६ मिमीपर्यंतच जातो आणि तुम्ही मागता २ मिमीवरचा पृष्ठभाग. पट्ट्याच्या पलीकडे एकच ठोकळ आकडा भरलेला असतो, त्यामुळे हाती रिकामी मेश येते. पट्टा अंतर भागिले घराची बाजू, अधिक दोनतीन घरं, एवढा रुंद मागा. इथे १३ घरं.

ग्रिडच्या कडा विसरू नका. बाहेरच्या ऑफसेटला मॉडेलच्या बाउंडिंग बॉक्सभोवती ८ मिमी आणि वर तीनचार घरं एवढी जागा हवी. ती सोडली नाही तर कवच ग्रिडच्या भिंतीवर कापलं जातं आणि उघडं राहतं. असलं सपाट कापलेलं कवच दिसलं की दुसरं काही शोधत बसू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. मॉडेलचा सपाट तळ ग्रिडच्या गाठींवर तंतोतंत बसला की मार्चिंग क्यूब्जमधून, म्हणजे ग्रिडवरून मेश उचलण्याच्या पद्धतीतून, सुईसारखे निरुपयोगी त्रिकोण निघतात. ग्रिडचा आरंभबिंदू घराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आडवातिडवा सरकवून द्या.

## ५. अंतर काढणे

अंतर त्रिकोणापासून मोजा, शिरोबिंदूपासून नाही. शिरोबिंदूंचं केडी-ट्री बांधून जवळचा बिंदू विचारणं सोपं असतं, म्हणून बरेच जण तेच करतात. मोठ्या त्रिकोणाच्या मधोमध उभं राहून विचारलं तर जवळचा शिरोबिंदू पाच मिलीमीटरवर असतो आणि पृष्ठभाग पायाखालीच असतो. मग ऑफसेटवर खरूज आल्यासारखे उंचवटे दिसतात.

त्रिकोणावरचा सर्वांत जवळचा बिंदू फेसच्या आत, कडेवर किंवा टोकावर असू शकतो. तिन्ही शक्यता हाताळणारं तयार काम लिबआयजीएल, ओपन थ्रीडी, ट्रायमेश या सगळ्या लायब्रऱ्यांत आहे. स्वतः लिहायचं असेल तर शिकण्यासाठी लिहा, कामाला तयार वापरा.

थांबा: चिन्हाचा संकेत प्रत्येक लायब्ररीत सारखा नाही. लिबआयजीएल आणि ओपन थ्रीडी आतल्या बिंदूला ऋण अंतर देतात, ट्रायमेश आतल्या बिंदूला धन देते. एका लायब्ररीतला कोड दुसरीत चिकटवला की पोकळीऐवजी बैल लठ्ठ होतो. पोटाच्या मधला एक बिंदू घ्या, अंतर छापा, चिन्ह बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

मोठी ग्रिड मोजायला वेळ लागतो आणि आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. ग्रिड मोजून झाली की लगेच फाइलमध्ये साठवा. पुढे २ मिमीऐवजी २.५ हवी असं ठरलं तरी अंतरं पुन्हा मोजावी लागत नाहीत, फक्त पृष्ठभाग पुन्हा उचलायचा.

## ६. आत की बाहेर?

अंतर बरोबर असलं आणि चिन्ह चुकलं तर सगळंच गेलं. तीन पद्धती वापरात आहेत.

जवळच्या त्रिकोणाच्या नॉर्मलवरून चिन्ह ठरवणं सर्वांत स्वस्त. पण जवळचा बिंदू कडेवर किंवा टोकावर पडला तर दोन शेजारी फेस वेगवेगळं उत्तर देऊ शकतात. त्यासाठी कोनानुसार वजन दिलेले नॉर्मल वापरायचे. ही पद्धत बेरेंत्झेन आणि ओनेस यांनी २००५ मध्ये सिद्ध करून दाखवली. मेश निर्दोष असेल तर हे उत्तर चोख येतं.

किरण सोडून तो पृष्ठभागाला किती वेळा छेदतो ते मोजणं ही दुसरी. विषम आलं तर आत, सम आलं तर बाहेर. ओपन थ्रीडी हेच करते. मेशला एक जरी भोक असलं तर त्या भोकातून गेलेल्या किरणांच्या ओळीच्या ओळी उलटं चिन्ह घेतात आणि बैलातून सळया आरपार गेल्यासारखं दिसतं. शिंगासारखे एकमेकांत खुपसलेले भाग असतील तर दोनदा झाकलेली जागा "बाहेर" ठरते.

तिसरी पद्धत वाइंडिंग नंबरची. जेकबसन आणि सहकाऱ्यांनी ती २०१३ मध्ये सदोष मेशसाठी मांडली. त्या बिंदूभोवती पृष्ठभाग किती वेळा गुंडाळला आहे याची संख्या येते. पूर्ण आत १, पूर्ण बाहेर ०, भोकाजवळ मधली काहीतरी. ०.५ च्या वर आत, खाली बाहेर. एकमेकांत घुसलेल्या भागात २ येतं, तेही आतच. वेळ जास्त लागतो, तरी स्कॅनसाठी मी डोळे झाकून हीच घेतो. वेगवान आवृत्ती लिबआयजीएलमध्ये आहे.

मेशलॅब हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. युनिफॉर्म मेश रिसॅम्पलिंगमध्ये "ॲब्सोल्यूट डिस्टन्स" वर खूण केली की चिन्हच टाकलं जातं आणि पृष्ठभागाच्या दोन्ही बाजूंना कवच निघतं. पातळ उघड्या पत्र्याला जाडी द्यायची असेल तर ते हवंच असतं. बंद बैलाला ते नको.

तपासा: ग्रिडचा मधला एक आडवा काप चित्र म्हणून काढा, ऋण निळं, धन लाल. बैलाचा निळा काप अखंड दिसला पाहिजे. लाल ठिपके किंवा रेघा दिसल्या तर दुसऱ्या टप्प्यावर परत. चित्र बघायचा कंटाळा करणाऱ्यांचे फोन मला रात्री येतात.

## ७. पृष्ठभाग उचलणे

आत २ मिमी म्हणजे ऋण २ ची पातळी, बाहेर ८ म्हणजे धन ८ ची. मार्चिंग क्यूब्ज ही पद्धत १९८७ ची असून अजून तीच बहुतेक ठिकाणी चालते. तिच्या मूळ रूपात काही संदिग्ध घरांपाशी भोकं पडत. पायथनच्या सायकिट-इमेज लायब्ररीमध्ये मुळातच ल्यूइनरची सुधारित आवृत्ती लागते, ती बदलू नका.

सायकिट-इमेज वापरणाऱ्यांच्या तीन चुका ठरलेल्या आहेत. "स्पेसिंग" दिलं नाही तर मेश घरांच्या संख्येत येते, मिलीमीटरमध्ये नाही. ते दिलं तरी ग्रिडचा आरंभबिंदू मिळवावा लागतो, नाहीतर पोकळी बैलाच्या बाजूला जाऊन बसते. आणि ग्रिड तयार करताना नमपायच्या मेशग्रिडला "आयजे" क्रम सांगितला नाही तर एक्स आणि वाय अक्षांची अदलाबदल होते. बैल जवळजवळ सममित असल्यामुळे नुसती पोकळी बघितली तर ही चूक चटकन लक्षातही येत नाही. शिवाय आत ऋण असा संकेत असेल तर ग्रेडियंटची दिशा "असेंट" ठेवा, म्हणजे नॉर्मल बाहेर तोंड करतील.

मार्चिंग क्यूब्ज धारदार कड छाटते, साधारण एका घराच्या मापाने. पोकळीच्या आत ती छाट चालून जाते, तिथे भिंत थोडी जाडच होते. धार राखायचीच असेल तर २००२ ची ड्युअल कंटूरिंग ही पद्धत आहे. ती अंतरासोबत नॉर्मलही वापरते.

आत उचललेल्या पृष्ठभागात शेपटीची पोकळी नसेल. घाबरू नका. शेपूट ४ मिमीची आणि दोन्हीकडून २ मिमी भिंत, आत काही उरतच नाही. ती भरीव राहणं बरोबरच आहे. पण शेपटीसारखी जाडी बरोबर दुप्पट भिंतीइतकी असली की कधी कधी एक त्रास होतो. तिथे पोकळीचे मण्यांसारखे सुटे तुकडे निघतात, कुठे ०.१ मिमीचे, कुठे नुसता एक त्रिकोण.

यावर माझा आवडता उपाय आहे. २ मिमी थेट जाण्याऐवजी आधी ३ मिमी आत जा, मग निघालेली पोकळी १ मिमी बाहेर फुगवा. ९ मिमीच्या पायात काही फरक पडत नाही: नऊचा तीन होतो, तीनचा पाच होतो, थेट गेलात तरी पाचच. पण जिथे पोकळी २ मिमीपेक्षा अरुंद होणार होती तिथे ती पहिल्याच पायरीत नाहीशी होते आणि परत येत नाही. असल्या अरुंद नळ्यांतून रेझिन बाहेर येत नाही, त्या गेलेल्याच बऱ्या. वर पोकळीचे आतले कोपरे १ मिमी त्रिज्येने गोल होतात, भेग पडायची शक्यता घटते.

थांबा: दुसऱ्या पायरीला अंतर पुन्हा मोजायचं, तेही ३ मिमीवरच्या नव्या मेशपासून. जुन्याच ग्रिडवर ऋण ३ वरून ऋण २ च्या पातळीला आलात तर जे थेट मिळालं असतं तेच मिळेल, गेलेले मणी सगळे परत येतील. ग्रिडवर मिन-मॅक्स करून आकार जोडले-वजा केले असतील तेव्हाही हेच लागू. त्यानंतर उरलेली संख्या सगळीकडे खरं अंतर नसते.

## ८. स्वच्छता, पण हात राखून

पायऱ्या-पायऱ्या दिसतात म्हणून लोक लाप्लासियन स्मूदिंग (प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकवणं) दहावीस वेळा फिरवतात. त्याने मेश आकसते आणि एवढ्या मेहनतीने मिळवलेलं अंतर हातचं जातं. करायचंच असेल तर टॉबिनची पद्धत वापरा, ती एक पाऊल आकसते आणि एक पाऊल फुगते.

त्यापेक्षा बरं म्हणजे प्रत्येक शिरोबिंदूसाठी मूळ मेशवरचा जवळचा बिंदू शोधा आणि त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर शिरोबिंदू बरोबर २ मिमीवर आणून ठेवा. एकदोन फेऱ्या पुरतात. खोबणीच्या धारेजवळ त्रिकोण थोडे गुंततात, तिथलं बघून घ्या. त्रिकोण कमी करायचे असतील तर यानंतर, आणि कमी केल्यावर पुन्हा मोजणी.

## ९. दोन पृष्ठभाग एकत्र

पोकळीच्या मेशचे त्रिकोण उलटे करा, म्हणजे तिचे नॉर्मल पोकळीच्या आत तोंड करतील. मगच ती मूळ मेशसोबत एका फाइलमध्ये ठेवा. हे विसरलं तर काही स्लायसर (छपाईसाठी मॉडेलचे थर पाडणारे प्रोग्राम) पोकळी बुजवून भरीव छापतात आणि रेझिन संपल्यावर कळतं.

पोकळीचे सुटे तुकडे किती ते मोजा. मान बारीक असेल तर डोक्याची पोकळी वेगळी आणि धडाची वेगळी निघते. प्रत्येक बंद पोकळीला दोन भोकं लागतात: एकातून रेझिन निघतं, दुसऱ्यातून हवा शिरते. माझा पहिला बैल याच चुकीने फुटला. धडाला भोकं दिली, डोक्यात रेझिन अडकून राहिलं, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी जबड्याला उभी चीर गेली. भोकं खुरांच्या तळाशी द्या, दिसत नाहीत.

साच्याच्या कवचाला उलटा प्रश्न असतो. ८ मिमीच्या ऑफसेटने पाय आणि पोट यांच्यामधली जागा भरली गेली, म्हणजे तिथे सिलिकॉनचा जाड गठ्ठा होणार. साचा सोडवायला ते सोयीचंच आहे. फक्त सिलिकॉन किती लागेल ते क्षेत्रफळ गुणिले ८ असं काढू नका. कवचाच्या घनफळातून बैलाचं घनफळ वजा करा.

## १०. मोजल्याशिवाय फाइल पाठवू नका

आधी तुमची सगळी प्रक्रिया २० मिमीच्या घनावर एकदा चालवा. बाहेर २ मिमीला घनफळ १३५८७ घन मिमीच्या जवळ आलं पाहिजे: मूळचे ८०००, सहा फेसांचे ४८००, बारा कडांवरच्या पाव सिलिंडरांचे ७५४ आणि आठ कोपऱ्यांचा मिळून एक गोल, ३३.५. आत २ मिमीला १६ चा घन, म्हणजे ४०९६. बाहेर १३८२४ आलं तर कोपरे गोल झालेच नाहीत. ११०००च्या आसपास आलं तर कुठेतरी अजून बिंदूच ढकलले जात आहेत.

मग बैल. ऑफसेट पृष्ठभागावर लाखभर बिंदू टाका आणि प्रत्येकाचं मूळ मेशपासूनचं अंतर मोजा. थेट २ मिमी गेला असाल तर जवळजवळ सगळे २ मिमीवर, अर्ध्या घराच्या फरकाने आले पाहिजेत. तीन-आणि-एकचा मार्ग घेतला असेल तर २ पेक्षा कमी कुठेच नको, कोपऱ्यांत थोडं जास्त चालेल.

उलट्या बाजूने मोजलं, म्हणजे मूळ बैलावर बिंदू टाकून पोकळीपर्यंतचं अंतर काढलं, तर शिंगांपाशी, कानांपाशी १०-१५ मिमीसुद्धा येईल. तो दोष नाही, तिथे पोकळीच नाही. दोन्ही दिशांची मोजमापं एकत्र करून मोठा आकडा बघणारे इथे उगाच घाबरतात आणि चांगली फाइल परत बिघडवतात.

शेवटी पहिला छापलेला नमुना हॅक्सॉने आडवा कापा, पोटाच्या मधून एकदा आणि मांडीतून एकदा, आणि वर्निअर लावा. १.९ ते २.१ आलं तर दुसरा नमुना छापायला टाका. दीड आलं तर प्रिंटरला शिव्या देण्याआधी स्लायसरमधलं स्केल बघा. कोणीतरी तिथे बैल बेडवर मावावा म्हणून ७५ टक्क्यांवर नेलेला असतो.